अण्णामामांची पेटी आणि दोन युनिव्हॉक्स

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी मस्त लोळत पडायचा बेत होता, तेवढ्यात आईचा फोन. "गिरगावची खोली रिकामी करायचीय. बिल्डरने पंधरा दिवस दिलेत. पोटमाळ्यावर अण्णामामांची ती विजेची पेटी निघालीय. बाळूने भंगारवाला ठरवलाय, पण मामीआजी म्हणतेय आधी आपल्या इंजिनियरला दाखवा."

आपला इंजिनियर म्हणजे अस्मादिक. दिवसभर जावात कोड लिहिणाऱ्या माणसाचा विजेशी संबंध लॅपटॉपच्या चार्जरपुरताच असतो, हे घरच्यांना कोण समजावणार? त्यात डिग्री पडली इलेक्ट्रॉनिक्सची. त्यामुळे सुटका नाही. रविवारी पहाटेची गाडी पकडली आणि साडेदहाला गिरगावात हजर झालो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अण्णामामा म्हणजे आईचे मामा. दिवसा कारकुनी, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. गणपती, लग्नं, गॅदरिंग, जिथे बोलावणं येईल तिथे जायचे. मी लहान असतानाच ते गेले, त्यामुळे मला त्यांचा पांढरा लेंगा आणि पानाचा डबा एवढंच आठवतं. पण त्यांच्या पेटीची दंतकथा मात्र लहानपणापासून ऐकत आलोय. ती अशी की, ही 'कल्याणजींची पेटी' आहे. 'नागिन'मधली बीन जिच्यावर वाजली तीच ही. बाळूमामा (अण्णामामांचा मुलगा) भंगारवाल्याला थांबवायला तयार झाला तो या दंतकथेमुळेच. खरी निघाली तर लाखात जाईल, असं त्याचं गणित.

मामीआजीचं म्हणणं वेगळं होतं. ती खाटेवर बसून म्हणाली, "भंगारात जाऊ दे, नाहीतर समुद्रात बुडवा. पण माझ्या दोन पाटल्या गेल्या त्या पेटीत. कशात गेल्या ते मरायच्या आधी मला कळू दे."

झालं. आता काय बोलणार?

पेटी खाली उतरवली. हार्मोनियमपेक्षा लहान, पण चांगली जड. पट्ट्या तीन सप्तकांच्या. पट्ट्यांखाली पुढच्या बाजूला बारक्या खटक्यांची रांग. खालून एक लोखंडी दांडी लोंबतेय. मागून एक जाडजूड केबल निघते आणि हवेत संपते. नावाची पट्टी गायब, तिच्या जागी स्क्रूची दोन भोकं आणि वर कुणीतरी मारलेला तपकिरी ऑइलपेंट. थोडक्यात, डॉक्युमेंटेशन शून्य, मूळ लेखक हयात नाही आणि सिस्टिम बंद. आमच्या धंद्यात याला लेगसी म्हणतात. :-)

आधी दंतकथेचं बघू, कारण तिच्यात अर्धं सत्य आहे आणि ते फार मजेदार आहे.

'नागिन' आला १९५४ साली. वैजयंतीमाला, प्रदीपकुमार, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातल्या बीनची धून अशी काही पसरली की आजही वरातीत कुणीतरी रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतोच. गंमत म्हणजे ती धून गारुड्याच्या पुंगीवर वाजलेलीच नाही. ती वाजवली कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेच्या वाद्यावर. जोडीला हार्मोनियमवर होते रवी. दोघेही तेव्हा हेमंतकुमारांच्या हाताखाली काम करत होते. पुढे एक कल्याणजी-आनंदजींमधले कल्याणजी झाले आणि दुसरे 'चौदहवीं का चाँद'चे संगीतकार रवी. पण तेव्हाच्या सिनेमाच्या पाट्यांवर वादकांची नावं नसायची, मग वाद्याचं नाव कुठून असणार? लोकांनी ऐकली ती बीनच.

क्लॅव्हिओलाइन हे फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांचं अपत्य, १९४७ सालचं. पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवायचा छोटा कीबोर्ड आणि वेगळ्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्यांनी ते बनवलं. इंग्लंडमध्ये सेल्मर, अमेरिकेत गिब्सन. आत व्हॉल्व्हचा एकच ऑसिलेटर. तुम्ही पट्टी दाबली की त्या एकाच ऑसिलेटरची कंपनसंख्या बदलते, त्यामुळे एका वेळी एकच सूर. तो सूर मग फिल्टरमधून जातो (ते बारके खटके याच कामाचे), व्हायब्रेटोने थरथरतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मुद्दाम थोडा फाटतो. ऑसिलेटर, फिल्टर, अ‍ॅम्प्लिफायर... इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ओळखलं असेलच. मूग साहेबांनी आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना १९६४ मध्ये बनवला, त्यातला मुख्य रस्ताही हाच. म्हणजे क्लॅव्हिओलाइनला सिंथेसायझरचा आजोबा म्हणायला हरकत नाही.

पण मग ते पुंगीसारखं का वाजतं? इथे इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं, फूरियर नावाचं भूत उपयोगी पडलं. पुंगीच्या भोपळ्यात सरळ, एकाच जाडीच्या नळ्या असतात आणि आत बोरूची पत्ती. अशी नळी वाजली की मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर जोरात येतात आणि दुप्पट, चौपट दबून राहतात. (सनई खाली पसरत जाते, म्हणून तिच्यात सगळेच येतात आणि ती पुंगीसारखी वाजत नाही.) आणि क्लॅव्हिओलाइनचा ऑसिलेटर काय देतो? जवळजवळ चौकोनी लहर, स्क्वेअर वेव्ह. स्क्वेअर वेव्हमध्ये काय असतं? मूळ सूर आणि त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट! परीक्षेत पाच मार्कांना पाठ केलेलं समीकरण गारुड्याच्या भोपळ्यात निघेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ते जरा मन लावून केलं असतं.

मग कानाने फरक ओळखायचा तरी कसा? थरथर ऐका. माणसाच्या श्वासाची थरथर कमीजास्त होते, सुराच्या शेवटी विझत जाते. यंत्राची थरथर घड्याळासारखी, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच वेगाची. दुसरं म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर कसं जातात ते ऐका. बोट भोकावरून सरकवलं की सूर घसरत जातो, पट्टीवर तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो. आणि तिसरं, खऱ्या पुंगीला दोन नळ्या असतात, एक धून वाजवते आणि दुसरी सतत एकच सूर धरून ठेवते. एका ऑसिलेटरला हे दोन्ही एकदम जमत नाही. एखादं जुनं यंत्र ओळखायचं असेल तर त्याला काय येतं यापेक्षा त्याला काय जमत नाही ते आधी बघावं, हे मी इथे शिकलो. नक्कल सगळेच करतात, अडतात मात्र प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. आमची पेटी चालू होत नव्हती. (आणि मी लावूनही बघितली नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात आत दोन-अडीचशे व्होल्ट फिरतात, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कपॅसिटर सुकलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही त्यांच्यात चार्ज शिल्लक राहू शकतो. प्लीज, कुणी माळ्यावरचं यंत्र काढून थेट सॉकेटला लावू नका.) आवाज नाही म्हणजे कानाची साक्ष बाद. तेव्हा मी मामीआजीलाच विचारलं, मामा वाजवायचे कसे?

"कसे म्हणजे? एका हाताने. डावा हात रिकामाच. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजायची ना, त्यावरून हार्मोनियमवाले चिडवायचे त्यांना. आणि सारखी मांडी हलवायचे. लोक हसायचे. मी कितीदा सांगितलं, नीट बसून वाजवा."

मी खाली वाकून त्या लोंबणाऱ्या दांडीकडे बघितलं आणि ट्यूब पेटली. मांडी हलवणं हा चाळा नव्हता. ती दांडी गुडघ्याने दाबायची, आवाज कमीजास्त करायला! साठ वर्षं ज्या गोष्टीवरून बाईने नवऱ्याला टोकलं तो त्या वाद्याचा व्हॉल्यूम कंट्रोल होता. मी सांगितल्यावर मामीआजी काही बोलली नाही, पण पदराला डोळे पुसले. बाळूमामाने उगाचच खिडकीबाहेर बघितलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "क्लॅव्हि-बिव्हि नव्हे रे. युनिव्हॉक्स म्हणायचे हे. युनिव्हॉक्स आणली, युनिव्हॉक्स बिघडली, असंच असायचं."

घ्या! नाव मिळालं म्हणजे काम संपलं असं मला वाटलं. फोनवर शोधलं. युनिव्हॉक्स सिंथेसायझर. लगेच फोटो आला, जपानी कॉर्ग कंपनीचा मिनी-कॉर्ग. १९७३ सालचं मॉडेल, अमेरिकेत युनिव्हॉक्सच्या नावाने विकलेलं. तोही एका वेळी एकच सूर वाजवणारा आणि त्याचेही खटके पट्ट्यांखाली पुढच्या बाजूला! मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "ही जपानी आहे. त्र्याहत्तरची."

मामीआजीने शांतपणे ट्रंकेतून एक फोटो काढला. मांडव, पताका, मागे गणपती, पुढे अण्णामामा आणि समोर हीच पेटी. फोटोच्या मागे शाईने लिहिलेलं: गणेशोत्सव १९६४.

मी गप्प. १९७३ चं यंत्र १९६४ च्या मांडवात कसं वाजेल? बग माझ्या डोक्यात होता. एकच नाव म्हणजे एकच वस्तू असं मी धरून चाललो होतो. एकाच नावाचे दोन क्लास वेगवेगळ्या पॅकेजमध्ये असू शकतात हे ऑफिसात ज्युनियरना शिकवणारा मीच.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत नावाची पट्टी ही सगळ्यात कच्ची साक्ष असते. एकच यंत्र तीन देशांत तीन नावांनी विकलं जातं आणि एकच नाव दोन भलत्याच यंत्रांना लागतं. १९६१ साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेल्या डेल शॅननच्या 'रनअवे' गाण्यात मध्ये एक किंचाळणारं वाद्य आहे. वाजवणाऱ्या मॅक्स क्रुकने त्याला नाव दिलं होतं म्युझिट्रॉन. दुकानात जाऊन म्युझिट्रॉन मागितलं तर मिळणार नाही, कारण ते क्रुकने स्वतः फेरफार केलेलं क्लॅव्हिओलाइनच होतं.

नावापेक्षा पक्की साक्ष तारखेची. सत्तर-ऐंशीच्या दशकातला सिंथ असेल तर मागचं झाकण उघडा आणि आतल्या चिप्स वाचा. पार्ट नंबरशेजारी बहुतेकदा चार आकडे असतात. ७३४२ असेल तर १९७३ सालचा बेचाळिसावा आठवडा. पाच-दहा चिप्सच्या तारखा जवळपासच्या असतील तर यंत्र त्यानंतर लगेच जोडलं गेलं. एखादीच खूप नंतरची असेल तर ती दुरुस्तीत बदललेली. म्हणजे जवळपास कमिट हिस्टरीच. या तारखा एक गोष्ट खात्रीने सांगतात: याच्या आधी हे यंत्र असूच शकत नाही.

तारखेची साक्ष माणसाच्या बाजूनेही उभी राहू शकते. याचं मुंबईतलंच उदाहरण आहे, चरणजीत सिंग. हे हिंदी सिनेमातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड केली. भैरव, ललत वगैरे राग, पण डिस्कोच्या ठेक्यावर, तीन रोलँड यंत्रांवर: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्या वेळी कुणी फार लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली आणि परदेशात खळबळ उडाली, कारण ती ऐकायला थेट 'अ‍ॅसिड हाउस'सारखी होती आणि शिकागोतल्या पोरांनी त्या संगीतातली गाजलेली पहिली रेकॉर्ड काढली ती १९८७ साली! काहींना वाटलं ही आजच्या कुणीतरी केलेली थट्टा आहे. पण यंत्रांच्या तारखा बघा. ८०८ आली १९८० मध्ये, ज्युपिटर-८ आणि ३०३ १९८१ मध्ये. म्हणजे १९८२ साली मुंबईत बसून हे करणं अशक्य अजिबात नव्हतं. एचएमव्हीची मूळ रेकॉर्ड होती आणि वाजवणारे गृहस्थही मुंबईतच राहत होते. निदान हयातीत त्यांना श्रेय मिळालं. २०१५ मध्ये ते गेले.

आमच्याकडे तारखेची साक्ष होती तो फोटो. १९६४ च्या आधीचा युनिव्हॉक्स शोधायचा. थोडं खोदल्यावर सापडला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात डार्टफर्ड नावाचं गाव आहे, तिथल्या टॉम जेनिंग्ज यांच्या ऑर्गन कंपनीने पन्नासच्या दशकात क्लॅव्हिओलाइनला टक्कर द्यायला एक पेटी काढली, तिचं नाव युनिव्हॉक्स. (याच जेनिंग्जनी पुढे व्हॉक्स नावाचे अ‍ॅम्प्लिफायर काढले, बीटल्सवाले वापरायचे ते.) दोन्ही वाद्यं इतकी सारखी वाजतात की भले भले चकतात. १९६२ साली 'टेलस्टार' नावाची धून इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेली. जो मीक या माणसाने लंडनमधल्या आपल्या घरातल्या स्टुडिओत ती तयार केली होती. त्यातलं मुख्य वाद्य क्लॅव्हिओलाइन होतं की युनिव्हॉक्स, यावर जाणकार अजून भांडताहेत. लाखोंनी खपलेल्या रेकॉर्डची ही कथा, तर आमच्या पोटमाळ्याचं काय!

आता एकच उरलं होतं. पेटी उघडणं. बाळूमामाने स्क्रू ड्रायव्हर आणला. झाकण निघालं आणि जुन्या रेडिओचा तो ओळखीचा वास आला, धूळ आणि तापून गार झालेल्या मेणाचा. आत व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर एकही नाही, म्हणजे मिनी-कॉर्ग बाद. सोल्डरिंग दोन प्रकारचं. एक कंपनीचं, नीटनेटकं. दुसरं जाडंभरडं, पण पक्कं. "हे यांचं," मामीआजी वाकून म्हणाली, "रात्र रात्र बसायचे." आणि आतल्या पत्र्याला चिकटलेलं एक पिवळं पडलेलं कागदी लेबल. अर्धं कसरीने खाल्लेलं, पण मोबाईलच्या उजेडात उरलेली अक्षरं वाचता आली: जेनिंग्ज... डार्टफर्ड, केंट.

म्हणजे दंतकथा खोटी. ही क्लॅव्हिओलाइन नाही, तेव्हा 'नागिन'ची बीन हिच्यावर वाजलेली असणं शक्य नाही. बाळूमामाचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, म्हणून मी मामीआजीला जरा जपूनच सांगितलं. म्हटलं, ही कल्याणजींची पेटी नाही गं, तिच्या शेजारच्या घरची आहे. मामांनी तिच्यावर बीन वाजवली असेल, पण...

"असेल काय? दर कार्यक्रमाला वाजवायला लागायची. वन्समोअर घेतल्याशिवाय लोक सोडायचे नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे ही कल्याणजींची नाही. यांचीच आहे. मग बरंच झालं की."

या वाक्यावर मी परतीच्या प्रवासात बराच वेळ विचार करत होतो. आम्ही सगळे इतकी वर्षं त्या पेटीला दुसऱ्याच्या नावाने मोठी करत होतो. तिच्यावर आयुष्यभर वाजवणारा माणूस, रात्री जागून तिची दुरुस्ती करणारा माणूस घरातलाच होता आणि त्याच्याबद्दल आमच्याकडे माहिती किती? लेंगा आणि पानाचा डबा.

भंगारवाल्याला परत पाठवलं. पेटी आता पुण्यात माझ्या फ्लॅटवर आहे. सोसायटीतल्या एका निवृत्त रेडिओ मेकॅनिक काकांनी कपॅसिटर बदलून द्यायचं कबूल केलंय, पण त्यांनी अट घातलीय की मामांचं सोल्डरिंग काढायचं नाही. आवाज येईल की नाही माहीत नाही. आलाच तर मामीआजीला फोनवर ऐकवायचा आहे.

तुमच्याही घरात माळ्यावर अशी एखादी बिननावाची पेटी असेल तर भंगारवाल्याच्या आधी चार गोष्टी करा. प्लग लावू नका. आत व्हॉल्व्ह आहेत, ट्रान्झिस्टर आहेत की चिप्स ते बघा. चिप्स असतील तर त्यांवरच्या तारखा लिहून घ्या. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, वाजवणारा बसायचा कसा. पट्टीवरच्या नावावर मात्र विश्वास ठेवू नका.

निघताना मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक नवीन लेबल चिकटवलं, म्हणजे पुढच्या इंजिनियरला एवढी झटापट नको. मजकूर मामीआजीने सांगितला, मी फक्त टाइप केला: 'युनिव्हॉक्स. जेनिंग्ज, डार्टफर्ड. वाजवणार अण्णा, गिरगाव. दुरुस्ती अण्णा. पैसे दोन पाटल्या.'